फ्रिजातली गांडुळं आणि तळ्याकाठची रात्र

मे महिन्यातली टळटळीत दुपार. अचानक पाहुणे आले म्हणून श्रीखंड काढायला फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात डबा दिसला. झाकण काढलं आणि अशी किंचाळले, की शेजारच्या वहिनी हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. डब्यात श्रीखंड नव्हतंच. होती ओली माती, आणि त्या मातीत वळवळणारी पन्नासेक गांडुळं!

"ओरडतीस कशाला एवढं? उन्हानं मरतात ती, म्हणून गार ठेवलीत," ह्यांचं शांत उत्तर.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात गळाचं वेड असलेला माणूस असेल, तर पुढचं काही सांगायलाच नको. रविवारी रंकाळ्याच्या काठाला नाहीतर कळंब्याच्या तळ्याकडं फिरायला गेलात, तर तंगूस पाण्यात सोडून तासन् तास गप्प बसलेली माणसं दिसतील. त्यांच्याकडं बघून आपल्या मनात एकच विचार येतो, ‘ह्यांना घरी काही काम नाही का?’ मलाही तेच वाटायचं. पण ह्या उन्हाळ्यात एक रात्र मी स्वतः तळ्याकाठी काढली. त्या रात्रीची ही गोष्ट.

झोप उडाली, गळ आला

आमच्या ह्यांची 22 वर्षं फौंड्रीत गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खातंच बंद झालं. हातात थोडे पैसे आले, पण कामाला जायची सवय असलेला माणूस घरात बसला की काय होतं, ते बाईलाच ठाऊक. दिवसा चिडचिड, रात्री जागरण. काही विचारलं की "काही नाही" एवढंच. मग जुन्या सोबत्यानं एकदा गळाला नेलं आणि हे तिथंच रमले. शनिवार आला की काठ्या बांधायच्या, खर्डा-भाकरी बांधून घ्यायची आणि गावाकडच्या तळ्यावर जायचं. परत यायचं ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर.

खरं सांगू? मला माशांचा राग नव्हता, रात्रीची भीती होती. काठावर साप-किरडू असतं, चिखलात पाय रुततो. आणि आणखी एक भीती, जी आपण बायका मोठ्यानं बोलत नाही. रात्री बाहेर राहिलेला माणूस मासे धरायला बसलाय की बाटली घेऊन बसलाय, हे घरातल्या बाईला कसं कळावं? शेवटी एका शनिवारी मीच म्हटलं, "मी पण येणार." हे आधी हसले. मग म्हणाले, "चल. पण तिथं बोलायचं नाही हं!"

आत्तींचं तळं

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. गावापासून हाकेच्या अंतरावर एक छोटं तळं आहे. 1972 च्या दुष्काळात कामावर खोदलेलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. डोक्यावर मातीची पाटी आणि दुपारी हातावर सुकडी. आजही तळ्याकडं बोट दाखवून त्या म्हणतात, "ह्या बांधात माझ्या पाट्या हाईत." त्या वर्षी महाराष्ट्रभर अशी कितीतरी तळी, नाले आणि रस्ते बायकांच्या डोक्यावरून झाले. पुढं त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही, पण पाणी मात्र राहिलं.

गावी पोचलो तर आत्ती परसात खुरपं घेऊन बसलेल्या. मोरीचं पाणी जिथं मुरतं, तिथं अळू माजलंय. त्या अळवाच्या बुडातली माती उकरून त्या गांडुळं वेचत होत्या. उन्हाळ्यात रानातली माती तापली की गांडुळं खोल जातात, सहज सापडत नाहीत. सापडतात ती अशी, बाईनं दिवसभर धुतलेल्या भांड्यांच्या पाण्यावर. "पण मोरीत साबणाचं पाणी लई सोडलं की मरत्यात बघ," आत्ती म्हणाल्या. "म्हणून मी राखंनंच घासतो अजून." (कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना सांगायला नको, आमच्याकडं बायकाही ‘मी करतो, मी येतो’ असंच बोलतात!)

गांडुळं कशी ठेवायची, तेही त्यांनीच दाखवलं. डब्याला भोकं पाडायची. माती ओलसर हवी, चिखल नको. वर ओलं गोणपाट टाकायचं आणि डबा सावलीत ठेवायचा. म्हणजे फ्रिजचं खूळ अगदीच अडाणी नव्हतं म्हणायचं!

निघताना आत्तींनी ह्यांच्या हातात एक घुंगरू दिला. दारातली बैलजोडी गेली, तिच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेतला. "अंधारात काठी हललेली दिसत न्हाई. हे बांध शेंड्याला," म्हणाल्या.

रात्रीचं पाणी

नऊ वाजता आम्ही काठावर बसलो. तळं मच्छीमार सोसायटीकडं ठेक्यानं असतं. ह्यांनी राखणदाराला आधीच विचारून ठेवलं होतं. गावचं तळं म्हणजे कुणीही यावं, काहीही धरावं असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मेमध्ये तळं आटून निम्म्यावर येतं. राहिलेल्या पाण्यात सगळे मासे एकवटतात. दिवसा वरचं पाणी तापतं, तेव्हा ते खोल पाण्यात, दगडांच्या कपारीत किंवा वेलींच्या सावलीत पडून राहतात. अंधार पडला, काठचं पाणी निवलं की खायला उथळ पाण्याकडं येतात. वाम, शिंगटा, शिवडा ही तर रात्रीचीच मंडळी. त्यांना डोळ्यांचं फारसं काम नसतं. शिंगट्याच्या मिशा पाण्यातला वास-चव घेत फिरतात. पाण्यातली बारीकशी हालचालही त्यांना कळते. म्हणून रात्री जिवंत आमिषाला मान! रोहू, कटला कणकेच्या गोळ्यावर किंवा शेंगपेंडीवरही येतात. पण ह्या रात्रीच्या मंडळींना वळवळ लागते.

गांडूळ गळाला लावायचं म्हणजे सगळं झाकून टाकायचं नाही. दोन ठिकाणी टोचायचं आणि शेपटी मोकळी सोडायची, म्हणजे पाण्यात ती हलत राहते. ह्यांनी एक लावून दाखवलं. मी डोळे मिटून दुसरं लावलं. कोळंबी सोलणारे, मटण धुणारे हे हात, पण जिवंत जिवाला टोचताना बोटं थरथरलीच. "पहिल्यांदा मला पण तसंच झालेलं," हे म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

शेजारी बादलीत चिंगळ्या पोहत होत्या, मोठ्या माशासाठी आमिष म्हणून सोसायटीच्या पोरांनी जाळ्यात धरून दिलेल्या. त्यांना पाठीच्या काट्याखाली हलकंच टोचतात, म्हणजे त्या बराच वेळ जगतात. मला ते काही बघवेना. पुढं वाचनात आलं, की जर्मनीसारख्या देशात जिवंत मासा असा गळाला लावायला कायद्यानं मनाई आहे. म्हणजे मला जे टोचलं, ते आणखी कुणाकुणाला टोचलंय तर!

घुंगरू वाजला

मग सुरू झालं वाट बघणं. मोबाईल बंद. बॅटरीचा उजेड पाण्यावर पाडायचा नाही. बेडकांचा आवाज, लांबवर कुत्रं आणि वर चांदण्या. आमच्या लग्नाला 24 वर्षं झाली. पण असं दोघंच, काही न करता, किती वर्षांत बसलो होतो? आठवेना.

साडेअकराच्या सुमाराला हे आपणहून बोलायला लागले. "तुला एक सांगायचं होतं," म्हणाले. "पतसंस्थेचं कर्ज काढलंय मी. मागल्या वर्षी. पोरीच्या कॉलेजच्या फीला. तीन हप्ते थकलेत."

मी गप्प. घरात असते तर भांडले असते. आवाज चढला असता, भांडी आपटली असती. इथं ओरडायची सोय नव्हती आणि त्यांचं तोंडही दिसत नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही माझं दिसत नव्हतं म्हणूनच ते बोलू शकले. "किती?" मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात…

घुंगरू वाजला!

आधी एकदा, मग सलग. हे झटक्यात उठले, काठी वाकली आणि दोन मिनिटांत काठावर हातभर लांब वाम वळवळत होती. गांडुळाला भुललेली. मी इतकी ओरडले, की पलीकडच्या काठाचा राखणदार बॅटरी मारून बघायला लागला. ‘बोलायचं नाही’ हा नियम माझ्यामुळं तिथंच मोडला. पुढची दोन तास आम्ही बोलत होतो. आकडा कळला, हप्ता कळला, काय विकायचं आणि काय विकायचं नाही, तेही ठरलं. मध्येच एक शिंगटा लागला. त्याला हात लावायला गेले तर ह्यांनी मनगट धरलं. त्याच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, बोटात गेला की रात्रभर ठणका. जाड फडक्यानंच धरायचा असतो.

आणि हो, बाटली नव्हती. थर्मासमध्ये चहा होता.

पहाटेची धाप

पहाटे तीनच्या पुढं बादलीतल्या चिंगळ्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागल्या. "हवा संपली त्यांची. पाणी बदल," हे म्हणाले. मी लोट्यानं जुनं पाणी काढून तळ्याचं ताजं घातलं. नळाचं पाणी ह्यात चालत नाही, क्लोरीननं मासे मरतात.

मग कळलं, की बादलीत होतं तेच तळ्यातही होतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, तापलेल्या पाण्यात कमी. पाण्यातल्या वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजायलाही प्राणवायूच लागतो. मग माशांचा जीव जातो. पंचगंगेत, शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचल्यात. ‘मासे मेले’ म्हणून पान उलटलंय. त्या रात्री बादलीतल्या चिंगळ्यांची धाप बघितली आणि बातमी काय असते ते समजलं.

लेकुरवाळी

तांबडं फुटलं. ह्यांचा खरा डाव पहाटेचा होता, मरळीसाठी. मरळ म्हणजे आमच्याकडं माशातली राणी. काटे कमी, आजारातून उठलेल्या माणसाला मुद्दाम रस्सा करून देतात. तिला वर येऊन हवेतला श्वासही घेता येतो, म्हणून आटलेल्या गढूळ पाण्यातही ती टिकते आणि बाजारात जिवंत मिळते. तिच्यासाठी आमिष म्हणजे लहान बेडूक. दोन वळीव पडून गेले होते, त्यामुळं बेडूक बाहेर आले होते. हे एक डब्यात घालून बसले होते.

तेवढ्यात ह्यांनी माझा दंड दाबला. काठापासून दहा हातांवर, वेलींच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात तांबूस डाग हलत होता. नीट बघितलं तर शेकडो बारीक पिल्लं! एका गोळ्यानं वर यायची, श्वास घ्यायची, खाली जायची. आणि त्यांच्या खाली एक लांबलचक काळी सावली.

"मरळ! पोरांपाशी आहे. आता बेडूक टाकला तर हमखास धावून येणार. खायला नाही, हाकलायला," ह्यांच्या आवाजात रात्रभराची वाट होती. डब्यातला बेडूक त्यांनी हातात घेतला.

"थांब की रं!" मागून आवाज आला. आत्ती चहाची किटली घेऊन बांधावरून उतरत होत्या. त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं. "लेकुरवाळी हाय ती. तिला धरलीस तर ती पोरं दुपारपतुर राहत्यात व्हय? बाकीचं मासं गिळून टाकत्यात. एका कालवणासाठी पुढल्या सालची शंभर मरळ घालवतोस?"

आत्ती शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं पुस्तकातही तसंच आहे. मरळ पाण्यात वेलींमध्ये गोल घरटं करते आणि अंडी, पिल्लं राखते. नरही राखणीला असतो. आई-बाप ओढून काढले की पिल्लांचं काही खरं नाही. जी माया तिला पिल्लांपाशी धरून ठेवते, तीच तिला गळापर्यंत आणते. आमिष बेडकाचं नसतं, पोटच्या पोरांचं असतं.

हे काही बोलले नाहीत. रात्रभर ज्याची वाट बघितली, ते दहा हातांवर होतं. घरात पैशाची चणचण, आणि दोन-अडीच किलोची मरळ विकली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी वाकून बेडूक गवतात सोडला. तो दोन उड्या मारून दिसेनासा झाला. तंगूस गुंडाळत म्हणाले, "चहा ओत आत्ता."

बेडूक वाचला, तेही बरंच झालं. शेतातले किडे खाणारा हा शेतकऱ्याचा फुकटचा गडी. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या. 1987 मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली.

त्या दिवशी घरी वाम आणि शिंगट्याचं झणझणीत कालवण झालं. परसात चुलीवर, वास घरात नको म्हणून. हे जेवले आणि दुपारी चारपर्यंत गाढ झोपले. दोन वर्षांत मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं. सोमवारी आम्ही दोघंही पतसंस्थेत गेलो. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळाली. कर्ज काही गेलं नाही, पण आता ते दोघांचं आहे.

गांडुळांचा डबा अजून फ्रिजमध्येच असतो. फक्त त्याच्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : ‘श्रीखंड नव्हे!’

तळ्याकाठी जाताना…

• तळं कुणाच्या ठेक्यात आहे ते विचारा, परवानगी घ्या. धरणाच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नका.

• पायात बूट, हातात बॅटरी हवीच. काठावर जमिनीवर झोपू नका. मण्यार, घोणस रात्री फिरतात. साप चावलाच तर कापू-चोखू नका. अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय हलवू न देता माणसाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या.

• उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याची कड वरून वाळलेली दिसते, आत गाळ असतो. काठीनं चाचपून मगच पाय टाका. एकट्यानं जाऊ नका.

• उरलेले आमिषाचे मासे दुसऱ्या तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. 1952 मध्ये बाहेरून आपल्या देशात आणलेली चिलापी अशीच पसरत गेली आणि देशी माशांची जागा खाऊ लागली.

• तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

• मिरगाचा पाऊस पडला की मासे अंड्यांवर येतात. तेवढे दिवस गळ खुंटीला अडकवून ठेवलेला बरा.

• आणि मैत्रिणींनो, घरातला माणूस सारखा तळ्याकडं जात असेल, तर एकदा सोबत जाऊन बसा. मासा लागेल न लागेल. अंधारात कधीकधी तो माणूस बोलायला लागतो.